रजेवर पाठवलं कंपनीने, अर्जावर सही मात्र तुमची

भोसरी एमआयडीसीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव त्यांनी दिलं होतं, पण इथे देत नाही. पत्र थोडक्यात असं:

“मी 34 वर्षांचा, मूळचा लातूर जिल्ह्यातला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी मशीनवर सहा वर्षं परमनंट आहे. पगार 18,600, त्यात बेसिक आणि डीए मिळून 13,000. ईएसआय (कामगार राज्य विमा), पीएफ दोन्ही कापतात. पटावर आम्ही 140 जण. ऑर्डर कमी झाल्या म्हणून 16 जानेवारीपासून आमच्यातल्या 40 जणांना बिनपगारी रजेवर बसवलं आहे. एचआरने छापील अर्ज पुढे केला, ‘घरगुती कारणास्तव मला बिनपगारी रजा मंजूर व्हावी’. आम्ही सह्या केल्या. आता मार्च संपत आला, दर महिन्याला नवा अर्ज येतो. ईएसआयमधून बेरोजगारांना पैसे मिळतात असं कळलं. मला मिळतील का? एक मित्र म्हणतो, आधी राजीनामा टाक, मग क्लेम कर. आईची शुगरची औषधं ईएसआयमधून येतात, ती बंद होतील का? सध्या रात्री मामेभावाचा टेम्पो चालवतोय. गावी परत जावं का, असाही विचार आहे.”

दादा, आधी सरळ उत्तर देतो. आज जसे आहात तसे तुम्हाला ईएसआयचा बेरोजगारीचा पैसा मिळणार नाही. बिनपगारी रजेवर असलेला माणूस कायद्याच्या नजरेत नोकरीतच असतो. नाव पटावर आहे, फक्त पगार नाही. पण म्हणून तुमचा काहीच हक्क नाही असं समजू नका. तुमचा आजचा हक्क ईएसआयकडे नाही, कंपनीकडे आहे. आणि त्या हक्काच्या आड जे उभं आहे ते ‘घरगुती कारणास्तव’ हे दोन शब्द आहेत.

तुमच्या घरी असं कुठलंही कारण घडलेलं नव्हतं. ऑर्डर नाहीत म्हणून कंपनी काम देऊ शकली नाही. कामगार पटावर असताना कच्चा माल नाही, वीज नाही, माल पडून आहे, मशीन बिघडलं किंवा अशाच कारणाने मालकाने काम दिलं नाही, तर त्याला ले-ऑफ म्हणतात. औद्योगिक विवाद कायदा 1947 मध्ये ही व्याख्या होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ले-ऑफची तरतूद कायम आहे. ज्या कारखान्यात सरासरी 50 किंवा जास्त कामगार आहेत आणि ज्या कामगाराची एक वर्षाची सलग नोकरी झाली आहे, त्याला ले-ऑफच्या प्रत्येक दिवसासाठी बेसिक आणि डीएच्या निम्मी रक्कम द्यावी लागते. साप्ताहिक सुट्टी सोडून. बदली आणि कॅज्युअल कामगार यात येत नाहीत, पण तुम्ही परमनंट आहात. तुमच्या कंपनीत 140 जण आहेत, म्हणजे 50 ची अटही पूर्ण होते. ले-ऑफसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा पूर्वी 100 होती, संहितेत ती 300 झाली, त्यामुळे परवानगी घेतली नाही म्हणून कंपनीला अडवता येणार नाही. भरपाईच्या जबाबदारीतून मात्र ती सुटत नाही.

तुमचा हिशेब मांडू. 13,000 भागिले 26, म्हणजे दिवसाला 500. निम्मे 250. पहिल्या 45 दिवसांचेच 11,250 रुपये होतात. 45 दिवसांनंतर भरपाई थांबू शकते, पण तसा करार झालेला असेल तरच. म्हणून पुढच्या महिन्याच्या अर्जासोबत ‘45 दिवसांनंतर माझी काही मागणी राहणार नाही’ अशा अर्थाचा कुठलाही कागद आला तर त्याला हात लावू नका. 45 दिवसांनंतर कंपनी तुमची रीतसर कपात करू शकते, म्हणजे काम नाही म्हणून तुम्हाला नोकरीतून कमी करू शकते, आणि मग ले-ऑफपोटी दिलेली रक्कम कपातीच्या भरपाईतून वजा करू शकते. कपातीचं पुढे सांगतो, कारण तुमच्या मित्राच्या सल्ल्याचं उत्तर तिथे आहे.

हे 40 अर्ज कंपनीने का घेतले, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. रजा कामगाराने मागितली असेल तर भरपाईचा प्रश्नच येत नाही. कोऱ्या जागेत फक्त नाव आणि टोकन नंबर लिहायचा, बाकी मजकूर चाळीसही जणांचा सारखाच. पण हाच सारखेपणा तुमच्या कामी येईल. एकाच तारखेपासून, एकाच कंपनीच्या 40 जणांच्या घरी एकाच वेळी घरगुती कारण निघत नाही, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अर्जाचे फोटो असतील तर जपा. एचआरचे ‘उद्यापासून येऊ नका’, ‘पुढचा निरोप मिळेपर्यंत थांबा’ असे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर ते पुसू नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवा.

पुढचा अर्ज येईल तेव्हा सही करू नका. त्याऐवजी साध्या कागदावर लिहा: “मी रजा मागितलेली नाही. काम उपलब्ध नसल्याचं सांगून कंपनीने 16 जानेवारीपासून मला कामावर घेतलेलं नाही. आधीचे अर्ज कंपनीने दिलेल्या छापील नमुन्यावर, कंपनीच्या सांगण्यावरून केले होते. मी रोज माझ्या पाळीच्या वेळी कामावर येण्यास तयार आहे. या काळाची ले-ऑफ भरपाई मला मिळावी.” तारीख, टोकन नंबर, सही. एक प्रत कंपनीत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही मागा. देत नसतील तर पोहोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. शक्य असेल तर हे पत्र 40 जणांनी मिळून द्या. एकट्याने दिलं की त्याला बाजूला घेऊन समजूत घातली जाते, कधी दमही दिला जातो. चाळीस सह्या असल्या की प्रत्येकाला वेगळं घेणं अवघड जातं. युनियन असेल तर त्यांच्या लेटरहेडवर, नसेल तरी काही बिघडत नाही.

त्या पत्रात ‘रोज कामावर येण्यास तयार आहे’ हे वाक्य मी उगाच घातलेलं नाही. ले-ऑफच्या काळात कामगाराने नेमलेल्या वेळी दिवसातून एकदा तरी कारखान्यात हजर राहावं लागतं, नाहीतर त्या दिवसाची भरपाई जाते. बहुतेक जण इथेच हक्क गमावतात. घरी बसतात किंवा गावी निघून जातात, आणि तीन महिन्यांनी कंपनी सांगते की हे तर आलेच नाहीत. तेव्हा उद्यापासून गेटवर जा. आत घेत नसतील तर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नोंद करा म्हणा. तेही नाही म्हणाले, तर गेटसमोर उभं राहून कंपनीचा बोर्ड दिसेल असा फोटो काढा, फोनमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते. चार-पाच जण मिळून गेलात तर एकमेकांचे साक्षीदारही व्हाल. गावी जाण्याचा विचार तूर्त तरी याच कारणासाठी लांबणीवर टाका. आणि कंपनीने दुसऱ्या खात्यात किंवा जवळच्याच दुसऱ्या युनिटमध्ये तेवढ्याच पगाराचं, जमण्यासारखं काम देऊ केलं तर नाकारू नका, नाकारलं तरी भरपाई जाते.

आता ईएसआयकडे वळू. तुम्ही ऐकलं ते बरोबर आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून सुरू झाली, ती प्रायोगिक म्हणून. तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळत, तेही 90 दिवस बेरोजगार राहिल्यावर. कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, ते 50 टक्के झाले आणि अर्ज 30 दिवसांनंतर करता येऊ लागला. त्यानंतर योजनेला टप्प्याटप्प्याने मुदतवाढ मिळत गेली, म्हणून शाखा कार्यालयात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा की सध्याची मुदत कधीपर्यंत आहे. रक्कम जास्तीत जास्त 90 दिवसांची, आणि आयुष्यात एकदाच. आधीच्या चार वर्गणी-काळांतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई भागिले 730, त्याचा निम्मा भाग रोजचा. समजा तुम्ही येत्या जूनमध्ये खरोखर बेरोजगार झालात. दोन वर्षांतले शेवटचे अडीच महिने बिनपगारी गेले, बाकीचे साडेएकवीस महिने 18,600 ने मिळाले असं धरलं, तर रोजचे साधारण 274 रुपये, 90 दिवसांचे साडेचोवीस हजारांच्या आसपास.

या योजनेतून कोणाला मिळत नाही तेही ऐका. टाळेबंदीच्या काळात, म्हणजे मालकाने कारखान्याला टाळं लावलं असताना, मिळत नाही. बेकायदा ठरलेल्या संपात मिळत नाही. शिस्तभंगाखाली काढलेल्याला मिळत नाही. आणि ज्याने स्वतःहून नोकरी सोडली त्याला मिळत नाही. तुमच्या मित्राचा सल्ला इथे पूर्ण उलटा पडतो. राजीनामा लिहिलात की तुम्ही स्वखुशीने सोडून गेलेले. मग अटल योजनेचा रस्ता बंद, ले-ऑफची मागणी ढिली, आणि कपातीची भरपाई तर नाहीच.

कंपनीने कपात केली तर काय होतं ते बघा. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे सहा वर्षांचा 90 दिवसांचा. नव्या संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीतून शेवटच्या पगाराने 15 दिवसांची रक्कम, कपातीपासून 45 दिवसांत तुमच्या खात्यावर. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटी. आणि ईएसआयची आणखी एक योजना, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासूनची. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कपातीमुळे नोकरी गेली तर तिच्यातून पहिले 12 महिने पगाराच्या निम्मे आणि पुढचे 12 महिने 25 टक्के मिळतात, शिवाय कुटुंबाला औषधोपचार चालू राहतो. तुमची सहा वर्षं तिच्यासाठी पुरेशी आहेत. दोन्ही योजनांचे पैसे एकाच काळासाठी घेता येत नाहीत, पण चोवीस महिने आणि तीन महिने यांत निवड कशी करायची हे सांगायला नको. हे सगळं एका राजीनाम्याच्या ओळीवर सोडून द्यायचं का? एचआर म्हणेल, ‘राजीनामा द्या, हिशेब लगेच करतो, अनुभवाचं पत्रही देतो.’ तेव्हा हा परिच्छेद आठवा.

आता सगळ्यात महत्त्वाची तारीख, आणि ती कोणी तुम्हाला सांगणार नाही. 30 सप्टेंबर.

ईएसआयमध्ये वर्षाचे दोन वर्गणी-काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. अटल योजनेसाठी नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात पुन्हा 78 दिवसांची. तुमचा 1 ऑक्टोबर ते 15 जानेवारी हा काळ 107 दिवसांचा होतो. मध्ये फार खाडे झाले नसतील तर ऑक्टोबर ते मार्च या काळाची अट तुम्ही पूर्ण केली आहे. पण एप्रिलपासूनही बिनपगारी रजाच चालू राहिली तर एप्रिल ते सप्टेंबर हा अख्खा काळ कोरा जाईल. मग ऑक्टोबरमध्ये कंपनीने काढलं तर ‘लगेच आधीचा काळ’ हाच कोरा काळ असेल, आणि सहा वर्षं वर्गणी भरूनही अर्ज फेटाळला जाईल. म्हणजे ही रजा नुसती आजचा पगार घेत नाही, पुढचा हक्कही हळूहळू संपवते. कंपनीला हे माहीत असेलच असं नाही, पण परिणाम तोच.

यावरचा उपायही पुन्हा ले-ऑफकडेच जातो. 1948 च्या ईएसआय कायद्याने ले-ऑफच्या काळात मिळणाऱ्या रकमेला पगारातच धरलं होतं, म्हणजे तिच्यावर वर्गणी भरायची आणि दिवस मोजायचे. कामगार कार्यालयात आणि ईएसआयच्या शाखेत हा मुद्दा लेखी मांडा.

त्या शाखेत जाल तेव्हा आणखी एक गोष्ट बघायला सांगा. कंपनी दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार भरते. दिवस शून्य असतील तर कारणाच्या रकान्यात आकडा टाकावा लागतो. रजेवर असेल तर 1, नोकरी सोडली असेल तर 2, संप किंवा टाळेबंदी असेल तर 9, कपात असेल तर 10, काम नाही तर 11. तुमच्या नावापुढे फेब्रुवारी आणि मार्चला काय पडलंय ते विचारा. 1 असेल तर कंपनी अजून तुम्हाला रजेवर दाखवतेय. 2 असेल तर गंभीर आहे, कारण तुम्ही राजीनामा दिलेला नसताना कागदावर तुम्ही सोडून गेला आहात. तसं दिसलं तर त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक घ्या. ‘काम नाही’ या अर्थाचा 11 पडलेला असेल तर तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे, कंपनीने स्वतःच्या हाताने भरलेला.

असंच पीएफचं. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की सभासदाला स्वतःच पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकता येते. पैशांच्या घाईत सायबर कॅफेतला कोणीतरी ही तारीख टाकून देतो. ती टाकू देऊ नका, तुमच्याच लॉगिनमधून तुम्ही नोकरी सोडल्याचं जाहीर केल्यासारखं होतं. पैशाची अगदीच निकड असेल तर नोकरीत असतानाही काही भाग काढता येतो. सलग दोन महिने पगार न मिळणं हे त्यासाठीचं जुनं कारण आहेच. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे 13 प्रकार तीन गटांत आणण्याचा आणि 25 टक्के शिल्लक राखण्याचा निर्णय घेतला. अर्ज करताना पोर्टलवर त्या दिवशी कोणता पर्याय दिसतो तो नीट वाचा, आणि लागेल तेवढेच काढा.

आईच्या औषधांची काळजी आत्ता करू नका. ज्या काळात वर्गणी भरली त्याचा लाभ पुढच्या ठरलेल्या काळात मिळतो. गेल्या एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत दवाखान्यात किंवा चिंचवडच्या मोहननगरच्या रुग्णालयात कोणी ‘कार्ड बंद झालं’ म्हणालं, तर हा हिशेब दाखवा आणि शाखेतून पात्रतेची नोंद काढून न्या. त्यापुढचं सगळं एप्रिल ते सप्टेंबरमध्ये तुमची वर्गणी भरली जाते की नाही यावर आहे.

टेम्पोबद्दल. घर चालवायला रात्री गाडी चालवता यात काही चूक नाही, आणि ले-ऑफमध्ये ती आड येण्याचं कारण नाही, फक्त पाळीच्या वेळी गेटवरची हजेरी चुकू देऊ नका. पुढे कधी अटल योजनेचा अर्ज करायची वेळ आली तर मात्र खरं सांगा. त्या पैशाच्या काळात दुसरीकडे नोकरी लागली तर लाभ थांबतो, आणि खोटं निवेदन केल्याचं उघड झालं तर शिक्षा होऊ शकते. भावाकडून पगारी ड्रायव्हर म्हणून पैसे घेताय की अधूनमधून मदत करताय, हे आधी तुमच्याच मनाशी स्पष्ट करा.

कामगार आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात जाताना सहा महिन्यांच्या पगारपावत्या, ओळखपत्र, अर्जांचे फोटो, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, कंपनीला दिलेल्या पत्राची पोहोच आणि बँक पासबुक न्या. पासबुकात 16 जानेवारीनंतर पगार आलेला नाही हे ठळक दिसायला हवं. तिथे समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. पहिल्या तारखेला कंपनीकडून बहुधा कोणी येत नाही किंवा फक्त मुदत मागायला येतं, त्याने खचू नका. पण एप्रिल संपायच्या आत तक्रार दाखल करा, म्हणजे सप्टेंबर संपण्याआधी निकाल लावायला हातात पाच महिने राहतील. आणि तिथे कोणी समजुतीने ‘राजीनामा देऊन मोकळे व्हा’ असं सुचवलं, तर कपातीचे सगळे पैसे आणि ‘कपात’ हा शब्द लेखी आल्याशिवाय मान डोलवू नका.